एक थेंबही न घेता

सोम., ३ फेब्रुवारी

वाईन! मी! आईला कळलं तर माझं काही खरं नाही.

केसरीनाथशेठनी दुपारी बोलावलं. इटलीची टूर करून आल्यापासून शेठ माणसात नाहीत. पडघ्याला हायवेवर हॉटेल काढलं, पास्ता चालला, आता तिकडच्या वाईन आणल्यात — त्याही कुणी नाव न ऐकलेल्या. म्हणे, "जी सगल्यांकरं हाय ती आपल्याला न्हाय पायजे." गिऱ्हाइकाला समजावून सांगायला माणूस हवा. "बाय, मना तं सगल्या सारख्याच दिसतान. तूच शिक." जमलं तर वाईन कॅप्टन. नाही जमलं तर परत दापोडे, त्यांच्याच गोडाऊनमध्ये पार्सलं स्कॅन करायची. तीन वर्षं केलंय ते. पुन्हा नको गं बाई!

"हो" म्हणून बसले. आणि घरी आई! विहारातल्या महिला मंडळाची अध्यक्ष आणि आमच्या घरातली पोलीस चौकी. हॉटेलात नोकरी लागली तेव्हा तिनं मला बुद्धमूर्तीपुढे उभं करून पाचवं शील पुन्हा म्हणायला लावलं — दारूचा थेंब नाही. मी शब्द दिलाय, मोडणार नाही. पण मग गिऱ्हाइकाला सांगू काय, बाटलीचा रंग?

बुध., ५ फेब्रुवारी

हुंगायचं! ग्लासात ओतायची, गोल फिरवायची, नाक घालायचं. प्यायची नाही. शब्द शाबूत.

शेठनी दिलेल्या कागदावर काहीच्या काही लिहिलंय. लाक्रिमा नावाच्या लाल वाईनला म्हणे व्हायोलेटच्या फुलांचा वास. भिवंडीत व्हायोलेट कुठून आणू? वास ओळखीचा आहे, खाण्यातला आहे, पण आठवत नाही म्हणजे नाहीच. डोकं फिरलं.

वही गादीखाली ठेवते. आईला वाचायचा कंटाळा आहे, एक ते बरं.

शुक्र., ७ फेब्रुवारी

आईनं आज गुलकंद आणला. का? "उष्णता वाढलीय." फेब्रुवारीत! बरणी उघडली आणि मी ओरडलेच — लाक्रिमा!! आई म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "झुरळ."

मंगळ., ११ फेब्रुवारी

लाक्रिमा — गुलकंद. पेलाव्हेर्गा — नुकती कुटलेली मिरी. फ्रापातो — बर्फाच्या गोळ्यावरचं स्ट्रॉबेरी सरबत. गिऱ्हाइकाला एवढं सांगितलं की पुरतं. एक ट्रान्सपोर्टवाले तर "ती गुलकंदवाली द्या" म्हणून दोनदा मागवून गेले! फक्त ग्रेको कळत नाही. पांढरी आहे. कागदावर लिहिलंय, गंधक आणि तापलेला दगड. गंधक काय मी घरी हुंगत बसते?

आणि आज नवीनच. वीस तारखेला वाईन कंपनीचा माणूस येणार, मुंबईहून. नावं झाकून चार ग्लास. ओळखले तर मी कॅप्टन. "चाखून थुकाचं असतं," शेठ म्हणाले, "गिलाचं न्हाय." थुंकलं तर शील मोडतं का? कुणाला विचारू? विहारातल्या भंतेजींना? ते आईलाच सांगतील!

रवि., १६ फेब्रुवारी

आईचे गुडघे अचानक दुखायला लागले. परवाच या बाईनं तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर चढवलाय! पण नाही — अकलोलीला गरम कुंडात पाय सोडायचेत, आणि सोबत मीच पाहिजे. माझी एकुलती एक सुट्टी गेली. वास तरी कसला तिथे! नाकाला ओढणी लावली तर खेकसली, "काढ ती. नीट श्वास घे. औषधी असतं." तासभर बसवलं मला. स्वतः पाच मिनिटं पाय बुडवले असतील.

बुध., १९ फेब्रुवारी

उद्या. थुंकायचं की नुसतं हुंगायचं? 

गुरु., २० फेब्रुवारी

मुंबईचा माणूस म्हणजे वरद. माझ्याच वयाचा, कडक इस्त्रीचा. थुंकायला चकचकीत बादली पण घेऊन आला! मी म्हटलं, "मी चाखत नाही. नाकानं सांगते." हसला. "मग फुलवाली का नाही झालात?" असा राग आला!

पहिला ग्लास गुलकंद. दुसरा मिरी. तिसरा गोळेवाला. हसणं थांबलं त्याचं. चौथा — काहीच नाही. डोकं कोरं. शेठनी डोळे मिटून घेतले. वरदनं बादली पुढे सरकवली, "एक घोट घ्या, सुटेल." हात ग्लासाकडे गेला होता, खोटं कशाला लिहू. पण आधी आणखी एकदा नाक घातलं, आणि ओला तापलेला दगड! आईच्या पायांखालचा! अकलोलीचं गंधकाचं कुंड! "ग्रेको!" मी एवढ्यांदा ओरडले की किचनमधून आचारी बाहेर आला. शेठ नाचले. वरद नुसता मान हलवत राहिला.

घरी सांगितलं, बढती झाली. आई म्हणाली, "कशात?" म्हटलं, "पास्त्यात."

"हं," म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

शुक्र., २१ फेब्रुवारी

मागचं वाचावं म्हणून पानं उलटली. अकरा तारखेच्या पानावर, कडेला, पेन्सिलीनं — अक्षर माझं नाही:

"भंतेजींना विचारलं. तुझं नाव नाही घेतलं. थुंकलेलं चालत नाही. हुंगायला हरकत नाही. आणि ते पोलीस चौकी खोड."