कोरा रकाना

मांडवी, रत्नागिरी
ता. ४ मे १९३१

प्रिय राही,

ओळी वाकड्या दिसतील, हसू नकोस. तुझी सगुणा अंदाजाने लिहितेय. मुंबईत आपण दोघी आठ वर्षं एका खोलीत राहिलो, एकाच पाटीवर अक्षरं गिरवली. तेव्हाही माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं तूच म्हणायचीस. इकडे फणस पिकलेत, सुकी मासळी भरून झाली, आणि तुझी जनी सातवी पास झाली. गणितात तिने कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. अकरा वर्षांपूर्वी बोटीवर तू तिला माझ्या कडेवर दिलीस, तेव्हा तिला दहापर्यंत आकडे येत नव्हते.

तुझं पत्र पोचलं. तिकडे सभा भरतात म्हणे. कुणी म्हणतं, आपल्या धंद्याला सरकारने परवाना द्यावा, आठवड्याला डॉक्टरने तपासावं. कुणी म्हणतं, ती घरंच बंद करा. तू लिहितेस, ‘परवाना निघाला तर पहिली सही माझी, मग पोलीस शिपायाची काय बिशाद हात लावायची!’ खरं सांगू? मलाही आधी पटलं. त्या मेल्याने तुला केसांना धरून जिन्यावरून ओढलं, ते मी विसरले नाही. आणि बंदीवाल्यांचं तर मला हसूच येतं. दार बंद केलं म्हणून पोट बंद होतं का? एका गल्लीतून हाकललेली बाई दुसऱ्या गल्लीत जाऊन बसते, इतकंच.

पण अगो, माझी अक्कल मांडवीची. इथे होडीला नंबर घालतात, तो होडी फुटली की खोडतात. तुझ्या त्या कागदावर बाईचं नाव खोडायची सोय आहे का? येणाऱ्या गिऱ्हाइकाचं नाव लिहायची? आजार तो आणणार आणि तपासणी तुझी! सही करायचीच असेल तर आधी भांड, नाव खोडायचा रकानाही मागून घे. तुझ्याइतकं भांडायला कुणाला येतं?

आता ज्यासाठी बसले ते सांगते. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. तू जिवाला घोर लावून घेशील म्हणून कळवलं नाही. दोन वर्षं तुझी पत्रं मला जनीच वाचून दाखवते. आजवर तू नुसती खुशाली लिहायचीस, निभावलं. या वेळी मनमोकळं लिहिलंस, आणि तिने सगळं वाचलं. अडखळली नाही. ‘जनीला यातलं अक्षर कळू देऊ नकोस’ हेही त्याच आवाजात वाचलं. मग विहिरीवर गेली आणि भरलेली घागर ओतून पुन्हा पुन्हा भरत राहिली. मी रडले, राही. आई इस्पितळात आया आहे, ही गोष्ट मीच रचली होती.

परवा ती मास्तरणीच्या ट्रेनिंगचा अर्ज भरत होती. पालक म्हणून माझं नाव घाल म्हटलं, तर म्हणाली, ‘मावशी, आई असताना तुझं कशाला गो?’ तुझं नाव तिने ठळक लिहिलंय. पुढे धंद्याचा रकाना आहे, तो कोरा ठेवलाय. म्हणते, ‘आई येऊ दे, तिला विचारून लिहू.’ अर्ज महिनाअखेरीस पाठवायचाय, आणि पावसाळा लागला की बोटी बंद. त्याआधी ये. आम्ही दोघी धक्क्यावर उभ्या असू. मला तुझा चेहरा दिसायचा नाही आणि तिला तो आठवत नाही, तेव्हा बोटीतून धक्क्याकडे यायला पडावात उतरलीस की तिथूनच हाक मार.

तुझीच वाट बघणारी,
सगुणा