दोन ठसे आणि एक तारीख

प्रिय सर,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले तीही भांडायला. आपल्या न्यायसहायक विज्ञानाच्या त्रैमासिकाचा अंक उद्या दुपारी छापायला जायचा आहे. नव्या मांडणीचा पहिला अंक. सकाळपासून चार वेळा अनुक्रमणिका लावली आणि चार वेळा मोडली. बसवत नाही, उठवत नाही.

तुमचं ‘अनुभवाचे बोल’ हे सदर मी बंद केलं. रागावलात? त्या जागी तीन विभाग केलेत: मूळ संशोधन, पडताळणी आणि दुरुस्ती. नियमही नवे. लेख तपासणाऱ्याला लेखकाचं नाव कळणार नाही. नमुने कुठून आणले ते सांगायचं. प्रत्येक निरीक्षणाखाली ते केल्याची तारीख छापायची. हे सगळं मीच लिहिलं, आणि आता त्याच नियमांवर माझं घोडं अडलंय.

तुमच्या रविवारांची आठवण येते हो. लेखकाला तुमच्या बाहेरच्या खोलीत बसवायचं, काकूंनी चहा आणायचा आणि लेख त्याच्यासमोर मोठ्यानं वाचायचा! मी एकदा म्हटलं, सर, बाहेर नावं झाकून तपासतात. तुम्ही चष्मा काढून म्हणालात, “नाव झाकून कसलं वाचताय? माणूस समोर पायजे की! अडखळला की कळतंय.” कितीतरी थापाडे तुम्ही चहाच्या एका कपात परत पाठवलेत, हे मी कुणापुढेही कबूल करीन.

पण तुम्हाला कोण समोर बसवणार होतं?

‘चपलेची झीज: माणसाची ओळख’. आपला सगळ्यात गाजलेला लेख, नाव तुमचं आणि मोजमापं माझी. आठवतं, मंगल कार्यालयाच्या दारात शाई आणि कागद घेऊन बसलो होतो? एक पाहुणे जेवणाच्या पंगतीतून ओरडत आले, “ओ पावणं, माझी चप्पल घिऊन कुठं निघालाय?” आणि तुम्ही शांतपणे, “विज्ञानासाठी हाय ओ, दोन मिनटं!” मी हसून हसून शाई सांडली होती.

प्रत्येक चपलेची झीज वेगळी निघाली. आपण लिहून टाकलं की झिजेवरून माणूस नक्की सांगता येतो. अहो, त्या दारात डॉक्टर होते, भटजी होते, शेतकरी होते, बँकेतल्या बाई होत्या! कामं वेगळी, उभं राहणं वेगळं. झीज वेगळी निघणार नाही तर काय! दिवसभर एकच काम करणारी दोन माणसं आपण शेजारी ठेवून पाहिलीच नाहीत. इतकी साधी गोष्ट मला का सुचली नाही?

ती सुचली इचलकरंजीच्या रेश्मांना. घरी यंत्रमाग, स्वतः कॉलेजात शिकवतात. त्यांचा लेख मागच्या महिन्यात तुमच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये सापडला. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का तुम्ही जाण्याच्या दोन वर्षं आधीचा. मी फोन केला.

“आमच्या शेडमधी कामगार जेवायला बसताना चपला काढायचे,” त्या म्हणाल्या. “उठल्यावर अब्बांची चप्पल दुसराच घालून जायचा. दोन दोन दिवस कळायचं न्हाई. झीज सेम की मॅडम! मागावर एकाच पायावर वळायचं असतंय.” मग म्हणाल्या, “सरांकडं पाठवलतं. उत्तर न्हाई आलं. मला वाटलं, टाकाऊ असंल.”

टाकाऊ नव्हता, हे मला फोन करण्याआधीच कळलं होतं.

कारण त्याच पाकिटात आणखी एक कागद होता. चपलांचे दोन ठसे, शेजारी शेजारी. खाली तुमचं अक्षर: ‘एकाच शेडमधले दोन कामगार. फरक सांगता येत नाही.’ आणि तारीख. लेख आल्यानंतर महिन्याभरातली.

म्हणजे तुम्ही स्वतः गेला होतात! काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “व्हय, इचलकरंजीला गेलते एकदा एसटीनं. आल्यावर जेवले न्हाईत.” एवढंच. त्यांनाही पुढचं ठाऊक नव्हतं.

त्या वयात एसटीनं गेलात, तपासलंत, खरं लिहिलंत. आणि परत येऊन ड्रॉवर बंद केलात? त्यानंतर दर रविवारी मी तुमच्यासमोर बसत होते. एकदा तरी सांगायचंत! त्या दोन वर्षांत आपल्या लेखाचा हवाला देऊन कोर्टात किती साक्षी झाल्या असतील? कुणी आत गेला असेल? हे मनात आलं की घास उतरत नाही. तुमचाही तेव्हा असाच अडकला होता ना? मला तुमचा फार राग आलाय, सर. आणि आत्ता तुम्ही समोरच्या खुर्चीत हवे होतात असंही फार वाटतंय.

अनुक्रमणिका मोडते ती त्या तारखेपाशी. ठसे छापले तर तारीख छापावी लागते. तारीख छापली की सगळ्यांना कळणार, तुम्हाला कधी कळलं होतं ते. काल काकूंसमोर तो कागद ठेवला. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “त्यांनीच घातलीया न्हवं तारीख? मग तू कोण खोडणार?”

पाचव्यांदा लावली अनुक्रमणिका. आता मोडणार नाही. ‘दुरुस्ती’मध्ये पहिला आपला लेख, मागे घेतल्याच्या निवेदनासह, खाली माझी सही. ‘पडताळणी’त पहिला रेश्मांचा लेख, आणि त्याला जोडून तुमचे दोन ठसे, तुमच्या नावानं. त्या साक्षींची यादी करायला घेतली आहे. अंक निघाला की एकेका प्रयोगशाळेला आणि वकिलाला पत्र जाईल. हा शब्द देते.

आणि उद्या छापायला देण्याआधी रेश्मांना तुमच्या बाहेरच्या खोलीत बोलावलंय. काकू चहा करणार आहेत. लेख मी मोठ्यानं वाचीन. तुमचं ते वाक्यही वाचीन, तारखेसकट. अडखळले तर अडखळले.

तुमची,
वैशाली