शेफालीचा अभिमान

८ जानेवारी १९७४, बराकपूर
मे महिन्यातल्या रजेचा अर्ज सुभेदार घोषसाहेबांपुढे ठेवला. नेहमीसारखे बंगालीत म्हणाले, "चेष्टा कोरबो." माणूस भला, पण गरीब कारकुनाची अशी चेष्टा बरी नव्हे.
दुपारी डेपोच्या टेलिफोन एक्स्चेंजवरच्या शेफाली मित्रने कर्नलसाहेबांना थांबवून ठेवलं आणि आई आजारी असलेल्या जवानाचा ट्रंक कॉल आधी जोडला. एवढी छाती इथे एकाही मिशीवाल्याची नाही.

११ जाने.
रजा मंजूर! घोषसाहेबांचं काही कळत नाही.

२० जाने., रविवार
शे.बरोबर कलकत्त्याला, एस्प्लनेडला जायचं ठरलं होतं. ऐन वेळी किट तपासणी. निरोपही देता आला नाही.

२१ जाने.
भीत भीत एक्स्चेंजच्या खिडकीशी गेलो. बिचारी दीड तास ट्रामच्या थांब्यावर उभी होती. हिंदीत म्हटलं, सरकारी काम सोडून कसा येणार? तिने कानावरचा हेडफोन काढून ठेवला. मग हळूच, "आमार ओभिमान होयेछे." डोळ्यांत पाणी.
अभिमान! माझा! कर्तव्य आधी ठेवलं म्हणून. अशी पोरगी शोधून सापडायची नाही. संध्याकाळी बराकीत सगळ्यांना संदेश, ही इकडची मिठाई, वाटले, कारणासकट.

२४ जाने.
शे. बोलत नाही. फोन उचलला की "नंबर?", बस्स. संदेशांची बातमी तिला लागली म्हणतात. मग खूश व्हायला हवी ना?

२५ जाने.
घोषसाहेबांना सगळं सांगितलं. हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी. इकडे अभिमान म्हणजे रुसवा, मनाला लागणं. आणि मी त्याचा आनंद साजरा केला! डोळे पुसत म्हणाले, "शिंदे, राग परक्यावरही येतो. ओभिमान फक्त आपल्या माणसावर."
एवढ्या वाक्यावर दिवस निघाला.

२८ जाने.
माफी मागितली. हसली नाही, पण त्याला आमचा मराठी शब्द विचारून घेतला. रुसवा. तिच्या तोंडी त्याचा 'रुशोबा' होतो. गावच्या वेशीवरचा देव वाटावा. तिने म्हणावा आणि मी ऐकावा.

२ फेब्रु.
बदलीचा हुकूम. जोधपूर. पंधरा तारखेला निघायचं. न विचारता गेलो तर जन्मभर स्वतःला बोल लावीन.

४ फेब्रु.
विचारलं. खिडकीशी उभ्या उभ्या, मोडक्या हिंदीत. लग्न करून माझ्याबरोबर येशील का? कर्नलसाहेबांच्या लाइनचा दिवा लुकलुकत होता, तिने तिकडे पाहिलंही नाही. म्हणाली, बाबांना सांगावं लागेल, ते फार कडक आहेत. मग माझ्याकडे नीट बघून, "चेष्टा कोरबो."
या वेळी संदेश आणले नाहीत. रुसलोही नाही. अर्थ विचारायला घोषसाहेबांकडे गेलो, तर ते आठवडाभर गावी. परत येताना आठवलं, माझ्या रजेच्या वेळी ते हेच म्हणाले होते, आणि रजा मिळाली होती. म्हणजे इकडची चेष्टा थट्टेची नसावी, खटपटीची असावी.