एक्केचाळिसावं वाक्य

सोमवार, ३ ऑगस्ट
आले एकदाची! परभाषा विभागात कायमची नोकरी, तिसऱ्या मजल्यावर स्वतःची खोली, टेबलावर सकाळचं ऊन. विभागप्रमुख मॅडमनी सगळ्यांदेखत सांगितलं, की डोंगरातल्या भाषेवरचा माझा प्रबंध हे विभागाचं भूषण आहे आणि त्यातली, ती भाषा बोलणाऱ्या अखेरच्या आजींची शेवटची चाळीस वाक्यं आता पाठ्यपुस्तकात जाणार. श्रवणकक्ष सांभाळणारे काका म्हणाले, बाई, टेपा म्हाताऱ्या झाल्यात, पण माझ्यापेक्षा स्पष्ट बोलतात. सगळ्यांबरोबर मीही हसले.

गुरुवार, ६ ऑगस्ट
इथे तरी खरं लिहावं. ती चाळीस वाक्यं आजींची नाहीत, माझी आहेत.
आजी रोज सकाळी ओट्यावर बसून एकेक वाक्य तीनदा म्हणायच्या, मग थांबायच्या. मी ते म्हणून दाखवलं की मान डोलवायच्या. चुकले की सुनेला सांगायच्या, पोरगी हुशार आहे गं, जीभच तेवढी आळशी. शेवटच्या आठवड्यात थंडीला कंटाळून मी खाली शहरात उतरले आणि लॉजवर बसून वाक्यं रचली. पहिलं होतं, मी सुखात आहे, मला कुणाची वाट पाहायची नाही. तेव्हा फार आवडलं होतं.
सुनेने निरोप पाठवला, की सासूबाई अजून रोज ओट्यावर बसतात, ताईंनी एकदा येऊन जावं. गेले नाही. महिन्याभरात आजीच गेल्या.

मंगळवार, ११ ऑगस्ट
वर्गात आजींची टेप लावली. खरी वाक्यं संपल्यावर पुढे ती कोरी हवी होती. आजींचा आवाज चालूच राहिला. माझी वाक्यं. तीनदा, मग थांबणं. मुलं शहाण्यासारखी मागून म्हणत होती. काकांना विचारलं, टेपेत कोणी भर घातली का. म्हणाले, बाई, तुमच्याच कपाटातली आहे, किल्लीही तुमच्याचकडे.

बुधवार, १२ ऑगस्ट
मॅडमना सांगायला गेले. त्यांनी पाठ्यपुस्तकाचं मुखपृष्ठ पुढे केलं. आजींचा फोटो, खाली माझं नाव. छान आलंय, म्हटलं. चहा पिऊन परत आले. स्वतःची किळस येते.

शुक्रवार, १४ ऑगस्ट
चाळीस संपली. मग एक्केचाळिसावं. मी न रचलेलं.
तू का आली नाहीस?
तीनदा. मग वीस मुलं, एका सुरात, माझ्याकडे बघत— सुंदर उच्चार. एकीने अर्थ विचारला. अभ्यासक्रमात नाही, म्हटलं.

सोमवार, १७ ऑगस्ट
सकाळचे अकरा. श्रवणकक्ष. टेप काढली, वायर काढली. तरी—
तू का आली नाहीस. तीनदा झालं. आता थांबल्यात. माझी पाळी.
मॅडम समोर, छपाईचा कागद घेऊन. माझी सही तेवढी बाकी. त्यांना काहीच ऐकू येत नाही. सांगायला तोंड उघडलं, तर निघालं ते रचलेलं पहिलंच— पुन्हा उघडलं, पुन्हा तेच— मॅडम म्हणतात, वा, काय उच्चार!
बोलता येत नाही, तर लिहूनच देते. मॅडम, ती वाक्यं आजींनी कधीच— आजींनी— मी सुखात आहे, मला कुणाची वाट—