डोके शाबूत असल्याबद्दल

मी, खाली सही करणार, वय वर्षे बहात्तर, धंद्याने नळ-कारागीर आणि आवडीने मुष्टियोद्धा, आज सकाळी पोटभर नाश्ता करून, पूर्ण शुद्धीत, कोणाचे दडपण नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. याआधी असा कागद मी केलेला नाही. मरायची घाईही नाही.

'पूर्ण शुद्धीत' हे शब्द इतर लोक रिवाज म्हणून लिहितात. मला ते सिद्ध करावे लागत आहेत, कारण गेल्या महिन्यात जेवताना माझे चिरंजीव म्हणाले, "बाबा, चाळीस वर्षं डोक्यावर ठोसे खाल्लेत तुम्ही. तुमच्या कागदाला उद्या कोर्टात कोण विचारणार?" मी एकदा किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या, हे खरे आहे. पण ठोसे खाल्ले म्हणणे हा माझा अपमान आहे. मी ठोसे चुकवले. तेव्हा आधी डोक्याचे बघू, मालमत्ता मागाहून.

कलम १. मी जन्माचा भित्रा. उंची सहा फूट, हात लांब आणि काळीज सशाचे. तरुणपणी मी रिंगभर पळून मार चुकवत असे. पंचेचाळिशीत पाय जड झाले, पण भीती होती तेवढीच राहिली. मग पळणे सोडून मी हनुवटी खांद्याआड ठेवायला आणि मान चार बोटे बाजूला घ्यायला शिकलो. चार बोटे पुरतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. आमच्यात बहुतेकजण डावे अंग पुढे करून उभे राहतात. मी उजवे पुढे केले, म्हणजे धड डोळा पुढे आला. सहा महिने माझेच पाय माझ्याच पायांत अडकत होते, बघणारे हसत होते. सातव्या महिन्यात ज्येष्ठांच्या स्पर्धेचा पट्टा मी कमरेला बांधला. डोके कामातून गेलेल्या माणसाला हे साधत नाही, याची न्यायालयाने नोंद घ्यावी.

कलम २. राहते घर, दोन खोल्या व गच्चीसह, चिरंजीवांना. रागावलो असलो तरी पोटचा मुलगा आहे. स्वयंपाकघरातला नळ मी बसवलेला आहे, त्यातून तीस वर्षांत एक थेंब गळलेला नाही. उगाच बदलू नये.

कलम ३. जुन्या गोदामातला हॉल, रिंग, ठोसे मारायची चार पोती व आरसा माझ्या मुलीला. चिरंजीवांना तिथे फरश्यांचे दुकान काढायचे आहे, सगळा वाद त्यातूनच निघाला. माझी अट एकच. पन्नाशीपुढच्या मंडळींची रविवार सकाळची तालीम बंद पडता कामा नये. माझी निळी वहीही मुलीने घ्यावी. तीत कोणाचे गुडघे, कोणाची कंबर आणि कोणाचा स्वभाव, सगळे लिहिले आहे. वय झालेल्या माणसाला आपली पद्धत शिकवायला जाऊ नये. त्याची पद्धत त्याच्या दुखण्यात आणि स्वभावात असते, ती शोधून द्यावी. आमच्या हेडमास्तरीणबाई चौसष्ट वर्षांच्या, चणीने लहान, दम कमी, पण समोरच्याला बोलू न देण्याची जन्माची सवय. त्यांना मी फक्त पुढचा हात दिला. तो सारखा तोंडावर येत राहतो आणि भलेभले गप्प होतात. उलट पोस्टमनसाहेब मवाळ माणूस, त्यांना मी हट्टाने अंगावर धावून जायला लावले आणि त्यांची बरगडी मोडली. ती चूक माझी. वहीत पहिल्या पानावर तीच लिहिली आहे.

कलम ४. खुंटा. हा बेकरीवाला, एकतीस वर्षे माझा प्रतिस्पर्धी. बुटका, मान जवळजवळ नाहीच, पाव भाजून होईपर्यंत थांबायची सवय. पन्नाशीत दोन्ही गुडघे गेले, तेव्हापासून रिंगच्या मधोमध रोवल्यासारखा उभा राहतो. "तू ये, मला कुठं जायचंय?" असे तोंडाने म्हणतोही. पट्ट्याच्या त्या अंतिम लढतीत तो माझ्याकडून हरला. दर रविवारी, माझे लक्ष नाही असे समजून, तो पट्ट्यावरून हात फिरवतो.

पट्टा त्यालाच द्यायचा होता, आणि या कागदाला साक्षीदारही तोच हवा होता. पण वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावून दाखला दिला आहे, पण तेही आमच्या रविवारच्या मंडळींतले. चिरंजीव म्हणतील, घरचेच डॉक्टर. माझ्या डोक्याचा खरा हिशेब एकट्या खुंट्याला ठाऊक. मी त्याला सरळ विचारले, "पट्टा घेतोस की सही करतोस?"

"तो माझ्या कमरेला बसणारे का? पेन दे," तो म्हणाला, आणि खिडकीकडे बघत बसला. मला फार वाईट वाटले. पट्टा मुलीकडे, हॉलच्या भिंतीवर राहील.

ठिकाण : हॉलमधील बाक. रविवार, ३ जुलै, सकाळी साडेनऊ.
मृत्युपत्र करणाराची सही.

साक्षीदार १ : डॉक्टर. करणाराने माझ्यासमोर सही केली. सही.

साक्षीदार २ : मी, बेकरीवाला, सर्वजण मला खुंटा म्हणतात. एकतीस वर्षे या माणसाच्या डोक्यावर ठोसा मारायचा मी मनापासून प्रयत्न केला. सात बसले. ज्या दिवशी बसला त्या दिवशी मी दुकानातले पाव फुकट वाटले, गल्लीत कोणालाही विचारावे. डोके शाबूत आहे. त्याने माझ्यासमोर सही केली, चष्म्याशिवाय. पट्टा मला हवा होता, खोटे कशाला बोलू? पण तो गेल्यावर त्याला वेडा म्हणायची कोणाची हिंमत होऊ नये, हे मला जास्त हवे आहे. सही, खुंटा.