माझ्या गळ्याची शपथ सुटली

मी, कौसाबाई बाळाजी म्हसकर, वय एकावन्न, धंदा शिलाई, राहणार शिवमंदिर रस्ता, अंबरनाथ, शिक्षण चौथी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दाबाखाली नसताना लिहून ठेवते की:

१. राहती खोली मुलगा गुरुदत्त आणि सून अंजनी, दोघांच्या नावे. एकट्या गुरुदत्तच्या नाही. कारण खाली येईल, मध्ये बोलू नये.

२. लोखंडी खुर्ची भाऊ सोमाला. माझ्या मालकांच्या तेराव्यानंतर जो गेला तो फिरकला नाही. आता दर रविवारी बदलापूरहून शहाळं घेऊन येतो आणि त्या खुर्चीत बसून नाक पुसतो. खुर्ची न्यावी, घरी बसून रडावं.

३. शिलाई मशीन अंजनीचं. ती मशीनला तेल घालत होती तेव्हा मी सरळ विचारलं, मला काय झालंय? ती म्हणाली, "आई, ह्यांनी सगळ्यांना तुमच्याच गळ्याची शपथ घातलीय. मला विचारू नका." गप्प बसली, पण खोटं बोलली नाही. एवढं मला पुरे.

४. आता मला कसं कळलं ते. सिंधी वस्तीत, कॅम्प तीनला, परसराम सेठच्या कारखान्यात मी जीन्सचे खिसे शिवत आले. अर्धं आयुष्य सिंधी ऐकण्यात गेलं. गुरुदत्तने सेठला मध्ये घालून त्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. माझ्यासमोर दोघं सिंधीत बोलले. डॉक्टर म्हणत होते, गाठ वाईट आहे, बाईला सांगा, तिला काही ठरवायचं असेल. सेठ म्हणाला, पोराने हात जोडलेत, ती खचेल. मग डॉक्टर माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाले, "कुछ नहीं मौसी, छाला है." पोटात नुसता फोड आहे म्हणे. मी बरं म्हटलं.

काल त्या डॉक्टरांनाच सहीला बोलावलं. शुद्धीत असल्याचा दाखला लागतो ना. हे का लिहिताय, म्हणाले. मी सिंधीत म्हटलं, त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग सगळं सांगितलं, ऑपरेशनचं, न केलं तर काय त्याचंही. मी खचले नाही. चहा केला, साखर विसरले, तेवढंच.

५. गुरुदत्त, तू मायेने लपवलंस, हे मला कळतं. पण ऑपरेशन करायचं की नाही हे माझ्या पोटाचं आहे, ते तुम्ही स्वयंपाकघरात कुजबुजून ठरवताय. मला रात्रंदिवस नाटक करायला लावताय. माझ्याकडे तेवढा वेळ नाही.

म्हणून, ज्या गळ्याची शपथ घातली त्या गळ्याची मालकीण मी. ती शपथ सुटली, असे सर्वांना लिहून देते.

६. हा कागद मी मेल्यावर वाचायचा नाही. या रविवारी जेवणं झाली की गुरुदत्तने मोठ्याने वाचावा. सोमाही असेल. मी समोर बसलेली असेन. वाचून झालं की कोणी रडायचं नाही, आधी मला विचारायचं, आई, तुला काय करायचंय?

ठिकाण: अंबरनाथ
तारीख: १२ फेब्रुवारी १९९३
सही: कौसाबाई बाळाजी म्हसकर (अंगठा नाही, सही)

साक्षीदार:
डॉ. नारायण मोटवानी, बाई शुद्धीत आहेत, स्वतः तपासले
बनूबाई, शेजारीण, हिला कालपर्यंत माहीत नव्हतं