पाच गुलाबी ताटल्या आणि तुमचं स्टीलचं ताट

आई,

'प्रिय' लिहिणार होते, पण सकाळपासून हात वळत नाहीये. 'तीर्थरूप' लिहून मोकळं व्हावं, तर तेही खोटंच. तेव्हा नुसतं आई. लग्न झाल्यापासून सासूला जी हाक मारत आले, तीच.

उद्या तुमची तिथी. गेल्या वर्षी इथल्या हिवाळ्यात, जुलैत, तुम्ही गेलात. वर्ष झालं, म्हणून पितृपक्षात तुमचं पान यंदा पहिल्यांदाच वाढायचंय. तुमचा लेक सुहास खिरीचं दूध आणायला गेलाय, गवार मी कालच पापाटोएटोच्या देशी दुकानातून आणली. आणि सिंकमध्ये हिरोकोसानच्या ताटल्या भिजत घातल्यात. त्यांना अर्धा तास लागतो. तेवढ्यात तुमच्याशी भांडून घेते.

आठवतात ना हिरोकोसान? शेजारच्या जपानी आजी, तुमच्याच वयाच्या. त्यांचं चेरीचं झाड निम्मं आपल्या कुंपणावर वाकलेलं. तुम्ही आमच्याकडे माउंट रॉस्किलला राहायला आलात त्याच वर्षी त्यांनी मला त्या ताटल्या दिल्या. पाकळीच्या आकाराच्या, फिक्या गुलाबी, जाडसर मातीच्या, वर बारीक भेगांची जाळी. फुलं उमलायच्या जरा आधी काढायच्या, पाकळ्या गळल्या की परत पेटीत, असं त्यांनी समजावलं. आणि वापरण्याआधी भिजवायच्याच, नाहीतर त्या भेगा डाग धरतात.

तुम्ही काय म्हणालात? "पाचच? अर्धा डझनसुद्धा नाही? एक फोडून दिली असणार हिनं!" त्यांच्याकडे पाचाचाच संच असतो म्हटलं, तर "असेल," म्हणून गवार मोडायला बसलात.

इथं दक्षिण गोलार्धात वसंत सप्टेंबरात येतो, हा काय माझा गुन्हा? चेरी फुलायची आणि तुमचा पक्ष लागायचा! "पक्षात नवं भांडं काढायचं नाही, मेधा." बरं. घटस्थापनेपर्यंत थांबावं, तर झाड हिरवंगार आणि ताटल्यांचा ऋतू संपलेला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. वापरल्या नाहीत म्हणून नव्या, आणि नव्या म्हणून वापरायच्या नाहीत! पाच वसंत मी ती पेटी फडक्यानं पुसून परत वर ठेवली. सहावा तुमच्या दुखवट्याच्या वर्षात गेला. जाऊनसुद्धा आडव्या आलात.

तेही सोसलं असतं हो. पण हिरोकोसान कायमच्या जपानला लेकीकडे निघाल्या, तो दिवस मी विसरणार नाही. हातात फुलांची डहाळी आणि मोचीचा, म्हणजे तांदळाच्या गोड गोळ्यांचा, डबा घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "एकदा तुझ्या टेबलावर मांडलेल्या बघून जाते." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही नकाराची मान हलवलीत. नुसती मान! आणि मी शेळपटासारखी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या ना."

"पुढच्या आठवड्यात मी नाही," त्या म्हणाल्या, आणि हसून डहाळी माझ्या हातात दिली. मोची तुम्ही खाल्लीत. दोन खाल्लीत.

यंदा मार्चमध्ये त्यांच्या लेकीची ईमेल आली. हिरोकोसान गेल्या. ताटल्या वापरतेस ना, असं आईनं विचारायला सांगितलं होतं, असं शेवटी लिहिलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय देऊ?

म्हणून मी बेत केला होता. उद्या तुमचं पान याच ताटलीत वाढायचं. ऐन पक्षात, कोऱ्या करकरीत भांड्यात! आता नको म्हणायला तुम्ही कुठे आहात? सकाळी मोठ्या आनंदानं पेटी उघडली.

सगळ्यात खालच्या ताटलीला डाग. पिवळा. भेगाभेगांतून पसरलेला. हळदीचा.

मी तन्वीला हाक मारली. आता सोळाची झालीय तुमची नात, उंचीनं माझ्या वर गेलीय. तिनं बघितलं आणि खुशाल म्हणाली, "ओह, आजीची प्लेट."

"आजीची?"

"शी यूज्ड इट हीप्स, मम. नेहमी, आफ्टर स्कूल. मला खारी द्यायची, शी हॅड हर पोहे. मग धुऊन परत बॉक्समध्ये."

"पक्षातपण?"

"आय डोन्ट नो, मम. फुलं होती तेव्हा. आम्ही विंडोपाशी बसायचो." मग म्हणाली, "डोन्ट गेट मॅड, ओके? आजी म्हणायची, तुझ्या आईला वस्तू नुसत्या जपता येतात."

आई! मी ऑफिसात दिवसभर कोड लिहीत होते, आणि तुम्ही खिडकीशी बसून माझ्या ताटलीत पोहे खात होतात? फुलं बघत? न भिजवता? आणि वर हे! मला जपायला कुणी लावलं हो?

एकदा म्हणाला असतात, "मलाही आवडल्यात गं, काढ त्या," तर काय बिघडलं असतं? हिरोकोसान, तुम्ही, मी, तन्वी, सुहास. बरोब्बर पाच जण होतो आपण. हे मला आज सिंकपाशी कळलं, आणि मी नळ तसाच सोडून रडले. तुमच्यासाठी नाही. गैरसमज नको.

आता माझा सूडही तुम्ही खाल्लात. ताटलीत वाढावं, तर तो तुमचा लाडच! म्हणून बेत बदललाय. नीट ऐका.

उद्या तुमचं पान स्टीलच्या ताटात. खीर, वडे, आमसुलाची चटणी, कशात उणं ठेवणार नाही. तुमच्याच पद्धतीनं करतेय. इथं कावळा नाही, मैना येतील, त्यांच्याशी तुमचं तुम्ही बघून घ्या. तुमच्या शेजारी हिरोकोसानचं पान, गुलाबी ताटलीत. आम्ही तिघंही गुलाबी ताटल्यांत जेवणार, खिडकीपाशी. झाड आज पूर्ण फुललंय. जेवणं झाली की त्यांच्या लेकीला फोटो पाठवीन.

आणि पाचवी, तुमची. तिचा डाग मी घासणार नाही, पुरावा आहे तो. ती तुमच्या ताटासमोर मांडीन, रिकामी. दरवर्षी मांडीन, हा शब्द देते. तुम्ही नुसतं तिच्याकडे बघत बसायचं. मी पाच वसंत बसले तसं.

तुमची सून,
मेधा